विद्या आणि ठेव

मोटारींच्या शर्यती हा विषय या मासिकाच्या वाचकांपुढें मांडतांना थोडा संकोच वाटतो. स्वतः मला त्या शर्यतींची गोडी नाहीं. त्याच त्या वाटोळ्या रस्त्यावर दोन तास फिरणाऱ्या गाड्या पाहण्यांत आनंद काय, हें माझ्या विद्यार्थ्यांनीं मला अनेकदां समजावून दिलें आहे, आणि तें मला अजून समजलेलें नाहीं. परंतु या शर्यतींच्या मागें जे कारखाने आहेत, आणि त्या कारखान्यांत गाडीचें स्वरूप ठरविणारे जे मोजके इंजिनियर आहेत, त्यांच्या चरित्रांत एक प्रश्न वारंवार डोकें वर काढतो. आणि तो नीतिविचाराची आवड असणाऱ्यानें सहज सोडून द्यावा असा नाहीं. एका संघांत दहा-पंधरा वर्षें काम करून नांवारूपास आलेला प्रमुख इंजिनियर एके दिवशीं त्या संघाच्या कट्ट्या प्रतिस्पर्ध्याकडे निघून जातो. काल ज्याला हरविण्यासाठीं त्यानें रात्री जागविल्या, त्याच्याच विजयासाठीं तो आज रात्री जागवूं लागतो. हें योग्य कीं अयोग्य? आणि जाणें अयोग्य नसेल, तर जातांना त्यानें बरोबर काय न्यावें?

नोकऱ्या तर सगळेच बदलतात, त्यांत एवढें विचार करण्यासारखें काय, असें कोणी म्हणेल. डॉक्टर एका इस्पितळांतून दुसऱ्यांत गेला, तर दोन्हीकडचे रोगी बरे होऊं शकतात. प्राध्यापक एका महाविद्यालयांतून दुसऱ्यांत गेला, तर पहिल्या महाविद्यालयांतील मुलें त्यामुळें नापास होत नाहींत. क्वचित् उलटच घडतें! शर्यतीची गोष्ट तशी नाहीं. तेथें पहिला नंबर एकच असतो, आणि एकाच्या पदरीं पडलेलें यश दुसऱ्याच्या पदरांतून काढूनच घ्यावें लागतें. म्हणून सामान्य व्यवहारांत जो प्रश्न पुसट दिसतो, तो येथें ठळक होऊन समोर येतो.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९२२ सालीं इटलीच्या फियाट कारखान्याच्या गाड्यांनीं फ्रान्स व इटली या दोन्ही देशांच्या मोठ्या शर्यती जिंकल्या होत्या, आणि तूरिन शहरांतील त्या कारखान्याची आराखडे काढण्याची कचेरी ही या विद्येची काशी समजली जात होती. तेथील बेर्तारिओने नांवाचा इंजिनियर इंग्लंडांतील सनबीम कारखान्यानें आपल्याकडे वळवून घेतला. पुढच्या वर्षीं सनबीमची जी नवी गाडी निघाली, ती मागच्या वर्षीच्या फियाटसारखी इतकी दिसे कीं, लोक तिला ‘हिरवा रंग दिलेली फियाट’ असें म्हणूं लागले. २ जुलै १९२३ रोजीं फ्रान्समध्यें तूर येथें शर्यत झाली. फियाटच्या नव्या गाड्या वेगानें पुढें होत्या. परंतु एंजिनांत हवा दाबून भरणाऱ्या त्यांच्या यंत्रांत रस्त्यावरची धूळ व खडे शिरले, आणि त्या एकामागून एक बंद पडल्या. जिंकला तो सनबीमचा सीग्रेव्ह. इंग्रजी गाडीनें ग्रां प्री शर्यत जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि त्या इंग्रजी गाडीचा आराखडा इटालियन माणसाच्या हातचा होता.

त्याच वर्षीं मिलानच्या आल्फा रोमेओ कारखान्याचा एक तरुण चालक तूरिनला गेला आणि फियाटमधील व्हित्तोरिओ यानो या बत्तीस वर्षांच्या इंजिनियराचें मन वळवून त्याला मिलानला घेऊन आला. त्या तरुणाचें नांव एन्झो फेरारी. यानो हा फियाटमध्यें बारा वर्षें होता. जें कांहीं शिकला तें तेथेंच शिकला. आल्फासाठीं त्यानें काढलेली ‘पी टू’ ही गाडी १९२४ च्या ऑगस्टांत लियोंची शर्यत जिंकून गेली, आणि १९२५ सालीं आल्फा रोमेओनें कारखान्यांची जागतिक स्पर्धा जिंकली. आठ नळकांडीं एका ओळींत, दोन लिटरचें एंजिन, आणि हवा दाबून भरण्याची योजना, हें सारें फियाटच्या नव्या गाडींतही होतें. फियाटनें लवकरच या शर्यतींतून अंग काढून घेतलें. आपण माणसें शिकवावीं आणि तीं शेजाऱ्यांनीं न्यावीं, याचा वीट हें त्याचें एक कारण सांगतात.

आपल्याकडे अशा माणसाविषयीं जो पहिला शब्द तोंडीं येतो, तो ‘निमकहराम’ हा. खाल्ल्या मिठाला जागावें, ही आपली जुनी शिकवण आहे, आणि ती मला टाकाऊ वाटत नाहीं. परंतु मीठ कोणी कोणाचें खाल्लें, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे. जहागिरदाराच्या घरीं तीन पिढ्या राबणाऱ्या सेवकाचें मीठ निराळें, आणि मुदतीच्या करारावर राबणाऱ्या इंजिनियराचें मीठ निराळें. दुसऱ्याच्या बाबतींत महिन्याच्या शेवटीं दोन्ही पक्षांचा हिशेब पुरा होतो. मालकानें पगार दिलेला असतो, आणि त्या पगाराहून अधिक किंमतीचें काम त्यानें करून घेतलेलें असतें. नाहींतर त्यानें तो पगार दिला नसता.

तरीसुद्धां सर्व कांहीं पगारांत फिटत नाहीं, हेंही तितकेंच खरें. फियाटनें यानोला पगाराखेरीज आणखी एक गोष्ट दिली होती: चुका करण्याची मुभा. तरुण इंजिनियर जें एंजिन बिघडवितो, जो आराखडा वाया घालवितो, त्याची किंमत कारखाना भरतो, आणि त्या बिघाडांतून आलेलें शहाणपण मात्र त्या इंजिनियराच्या डोक्यांत राहतें. हें ऋण आहेच. पण तें फेडण्याचा मार्ग जन्मभर तेथेंच बसून राहणें हा आहे काय? आपल्या पूर्वजांनीं ऋषींचें ऋण अध्ययनानें व अध्यापनानें फेडावें असें सांगितलें; गुरूच्या दारांत मरेपर्यंत पाणी भरावें असें सांगितलें नाहीं. या दृष्टीनें पाहिलें, तर यानोनें आपलें ऋण बुडविलें असें म्हणवत नाहीं. आल्फामध्यें १९२४ पासून कोलोंबो नांवाचा तरुण त्याच्या हाताखालीं तयार झाला, आणि त्याच कोलोंबोनें पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर फेरारीच्या पहिल्या बारा नळकांड्यांच्या एंजिनाचा आराखडा काढला. तूरिनच्या कचेरींत पेटलेली ज्योत दोनदां घर बदलून गेली, पण विझली नाहीं. फियाटच्या भागधारकांना यांत समाधान नव्हतें, हें उघडच आहे.

आणि निष्ठा एकाच बाजूनें मागावयाची वस्तु नव्हे. याच यानोनें आल्फा रोमेओला चौदा वर्षें यश मिळवून दिलें. १९३७ सालीं त्याची एक नवी गाडी फसली, आणि त्या वर्षाच्या शेवटीं कारखान्यानें त्याला निरोप दिला. ज्यांनीं त्याला आणतांना निष्ठेची पर्वा केली नाहीं, त्यांनीं त्याला घालवितांनाही ती केली नाहीं, एवढेंच. आपल्या काळांत इंग्लंडचा एड्रियन न्यूई हा या विद्येंतील सर्वांत गाजलेला पुरुष. विल्यम्स, मॅक्लारेन व रेड बुल या तीन निरनिराळ्या संघांना त्याच्या गाड्यांनीं अजिंक्यपदें मिळवून दिलीं आहेत, आणि २०२५ च्या मार्च महिन्यांत तो ॲस्टन मार्टिन या चौथ्या मोठ्या संघाकडे गेला. संगणकाच्या या युगांतही तो फळ्यावर कागद लावून पेन्सिलीनेंच आराखडे काढतो. विल्यम्सचा संघ त्यानें १९९६ त सोडला, तो पैशाच्या कारणानें नव्हे. चालकाची निवड यासारख्या मोठ्या निर्णयांत आपला विचार घेतला जाईल असें आश्वासन असतां डेमन हिलला काढून टाकण्याचें परस्पर ठरलें, अशी त्याची तक्रार होती. वचन मोडल्यावर माणूस राहिला नाहीं, तर निष्ठाभंग कोणी केला म्हणावयाचा?

न्यूईच्या या सर्व स्थलांतरांत मला सर्वांत खटकतें तें जें घडलेंच नाहीं तें. २००१ च्या उन्हाळ्यांत त्यानें जॅग्वारच्या संघाकडे जाण्याच्या करारावर सही केली, तशी घोषणाही झाली, आणि लगेच मॅक्लारेनच्या मालकानें मन वळविल्यामुळें तो होता तेथेंच राहिला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें व मग तडजोड झाली. जुन्या धन्याकडे टिकून राहिला म्हणून त्याला निष्ठावंत म्हणावें, कीं नव्या धन्याला दिलेला शब्द फिरविला म्हणून दोष द्यावा? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. दैवाचा विनोद असा कीं, तो जॅग्वारचा संघ २००४ च्या अखेरीस विकला जाऊन त्याचाच रेड बुल झाला, आणि २००६ त न्यूई मिल्टन कीन्स येथील त्याच कारखान्याच्या दारांतून आंत गेला.

म्हणजे जाण्यांत पाप नाहीं. उघडपणें, मुदत संपल्यावर, तोंडावर सांगून जाणारा मनुष्य कोणाला फसवीत नाहीं. भारतीय युद्धाच्या आरंभीं, दोन्ही सैन्यें समोरासमोर उभीं असतां, युयुत्सु कौरवांची बाजू सोडून सर्वांच्या देखत पांडवांकडे चालत गेला. त्याला कोणी चोर म्हटलें नाहीं. खरा नीच प्रकार निराळाच आहे, आणि त्याचा नमुनाही त्याच ग्रंथांत आहे. शल्य राहिला कौरवांकडे, लढला कौरवांकडून, कर्णाच्या रथाचे लगाम त्याच्या हातीं होते. आणि कर्णाचा तेजोभंग करण्याचें वचन त्यानें आधींच युधिष्ठिराला देऊन ठेवलें होतें. देह एकीकडे आणि मन दुसरीकडे, अशा माणसाच्या हातांत रथ देणें हें उघड शत्रूच्या हातीं देण्याहून वाईट.

२००७ सालीं मोटारींच्या जगांत असा शल्य निघाला. नायजेल स्टेपनी हा फेरारी संघांतील अनेक वर्षांचा जुना, जाणता यांत्रिक. त्याचा वरिष्ठ रॉस ब्रॉन हा २००६ च्या अखेरीस संघ सोडून गेल्यावर जी नवी व्यवस्था लागली, तींत आपल्याला योग्य स्थान मिळालें नाहीं असें त्याला वाटलें. असें वाटणें हा गुन्हा नव्हे. त्यानें तसें बोलूनही दाखविलें होतें. पण तो गेला नाहीं. तो राहिला, आणि फेरारीच्या गाडीचे सुमारें ७८० पानांचे आराखडे व टिपणें मॅक्लारेनचा मुख्य आराखडाकार माइक कॉगलन याच्याकडे पोंचलीं. कॉगलनच्या घरून तीं पानें नकला काढून घेण्यासाठीं एका साध्या दुकानांत गेलीं. तेथल्या नोकराला त्या पानांवरील फेरारीचें नांव पाहून संशय आला आणि त्यानें सरळ फेरारीला कळविलें. लाखों रुपये पगाराच्या दोन तज्ज्ञांना जें दिसलें नाहीं, तें त्या दुकानांतल्या मुलाला दिसलें. मॅक्लारेनला १० कोटि डॉलर दंड झाला, आणि त्या वर्षीच्या संघांच्या स्पर्धेंतील त्याचे सगळे गुण रद्द झाले. मौज अशी कीं, हे दोघे मित्र त्या सुमारास मिळून होंडाच्या संघाकडे नोकरी मागावयास गेले होते. म्हणजे दोघांनाही जावयाचें होतेंच. तसेच ते गेले असते, तर आज त्यांचीं नांवें सन्मानानें घेतलीं गेलीं असतीं.

तर मग न्यायनिवाडा सोपा झाला, असें वाटेल. डोक्यांत आहे ती विद्या, ती माणसाची. कागदावर आहे ती ठेव, ती धन्याची. विद्या न्यावी, ठेव परत करावी. न्यायालयें साधारणतः याच रेषेनें चालतात, आणि व्यवहाराला ती पुरतेही. पण ती रेषा कोठें तुटते, हें दाखविणारा एक खटला १९७८ सालीं लंडनच्या वरिष्ठ न्यायालयांत झाला. माझ्या मतें या सर्व इतिहासांतील तोच सर्वांत विचार करावयास लावणारा प्रसंग होय.

शॅडो नांवाच्या संघाचा आराखडाकार टोनी साउथगेट हा १९७७ च्या अखेरीस कांहीं सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडला, आणि त्यांनीं ॲरोज हा नवा संघ काढला. दोन महिन्यांच्या आंतबाहेर त्यांनीं नवी गाडी उभी केली. ही घाई लोकांच्या डोळ्यांत भरली. मार्च १९७८ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील शर्यतींत तरुण पात्रेसे ही गाडी घेऊन सर्वांच्या पुढें होता, आणि एंजिनानें दगा दिला नसता, तर बहुधा जिंकलाही असता. इकडे शॅडोचीही नवी गाडी तयार होत होती, आणि तिचा आराखडा साउथगेटनेंच जाण्यापूर्वीं हातीं घेतलेला होता. दोन्ही गाड्या शेजारीं ठेवून पाहतां त्या सख्ख्या बहिणी दिसत. शॅडोनें फिर्याद केली. ३१ जुलै १९७८ रोजीं निकाल लागला: ॲरोजची गाडी ही शॅडोच्या आराखड्यांची नक्कल आहे, ती यापुढें शर्यतींत उतरवितां येणार नाहीं.

नक्कल! पण कोणाची? ज्या हातानें पहिलें चित्र काढलें, त्याच हातानें दुसरें काढलें. चोर आणि धनी एकाच कातड्यांत. कायद्याचें म्हणणें बरोबर आहे. पगार देऊन काढविलेल्या चित्राचा मालक पगार देणारा. परंतु ज्यानें कधीं कांहीं निर्माण केलें आहे, त्याला येथें अडखळल्यासारखें होईल. एखाद्या कारागिरानें एक प्रश्न वर्षभर उराशीं धरून त्याचें एक उत्तर शोधलें. आतां तोच प्रश्न दुसऱ्या घरीं त्याच्यापुढें आला, तर त्यानें मुद्दाम वाईट उत्तर द्यावें काय? ख्यालाचा गवई एका दरबारांतून दुसऱ्या दरबारांत गेला, तर रागांतली आपली खास जागा त्यानें घेऊं नये, असें कोणता राजा म्हणाला? आमच्या धंद्यांत तर वर्षानुवर्षें जपलेल्या टिपणवह्या बरोबर नेणें हा आम्ही हक्कच समजतों. मी स्वतः एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यांत आलों, तेव्हां माझीं तर्कशास्त्रावरचीं व्याख्यानें माझ्यापाठोपाठ आलीं, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या मागें लागलेली पीडा नव्यांच्या मागें लागली; कोणीं फिर्याद केली नाहीं.

तथापि या सहानुभूतीच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. साउथगेटच्या हातांतलें चित्र केवळ त्याचें नव्हतें. शर्यतीची गाडी हें एकट्याचें काव्य नव्हे. आराखडाकाराच्या एका रेषेमागें कोणीतरी वाऱ्याच्या बोगद्यांत घेतलेले प्रयोग असतात, कोणा लोहाराची सूचना असते, चालकाची तक्रार असते. मुख्य म्हणजे, जे पंचवीस उपाय करून पाहिले आणि फसले, त्यांची आठवण असते. हें फसलेल्या उपायांचें ज्ञान म्हणजेच खरें धन. अमुक वाटेनें जाऊं नका, तेथें खड्डा आहे, हें सांगणारा माणूस नव्या घरीं एक कागदही न नेतां वर्षभराचा खर्च वांचवितो. आणि तो खड्डा शोधतांना ज्यांचे पाय मोडले, ते जुन्या घरींच राहतात. त्यांचीं नांवें कोठें येत नाहींत, आणि त्यांना कोणी दुप्पट पगार देऊन नेत नाहीं. एवढा मोठा माणूस जातांना त्यांचें ज्ञान आपल्या डोक्यांत घेऊन जातो, तेव्हां तें विद्या या सदरांत घालावयाचें कीं ठेव या सदरांत? कागद आणि डोकें ही वाटणी येथें निरुपयोगी ठरते, कारण ठेवही डोक्यांतच ठेवलेली आहे.

या अडचणीचें सर्वांत दुःखद उदाहरण मोटारींचें नव्हे, मोटारसायकलींचें आहे. पूर्व जर्मनींत चोपाउ येथील एम्. झेड्. कारखान्यांत वॉल्टर काडेन यानें तुटपुंज्या साधनांवर दोन धावांच्या एंजिनाचा असा विकास केला कीं, १२५ घन सेंटिमीटरच्या लहानशा एंजिनांतून २५ अश्वशक्ति निघूं लागली. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा आकार साधून तींतल्या दाबाच्या लाटा परत एंजिनाच्या कामाला लावणें, ही त्याच्या युक्तीची किल्ली होती. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर हा स्वतः शिकलेला इंजिनियर. १९६१ सालीं तो जगज्जेता होण्याच्या बेतांत होता. ऑगस्टांत बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरांत स्वीडनच्या शर्यतींत त्याचें एंजिन बंद पडलें, आणि तेथून तो परत गेलाच नाहीं. बायकामुलें त्याच सुमारास गुप्तपणें पश्चिमेकडे पोंचलीं. मग तो जपानांत सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षीं, १९६२ त, ५० घन सेंटिमीटरच्या वर्गाचें जगज्जेतेपद त्यानें सुझुकीला मिळवून दिलें. त्या कारखान्याचें तें पहिलेंच.

भिंतीच्या आड कोंडलेल्या राज्यांतून पळून जाण्याचा हक्क कोणीही नाकारूं शकणार नाहीं, मी तर नाहींच. पण पळण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क हे दोन आहेत. डेग्नरनें सुझुकीला जें दिलें, तें त्याच्या स्वारींतलें कौशल्य असतें, तर बोलावयास जागा नव्हती; तें बव्हंशीं काडेनचें आयुष्य होतें. काडेन मागें राहिला. त्याची विद्या जगभर झाली. पुढील कित्येक वर्षें जपानी कारखान्यांचीं दोन धावांचीं एंजिनें त्याच तत्त्वावर धांवलीं, आणि तो त्याच कारखान्यांत काम करीत राहिला. डेग्नरला मी गुन्हेगार म्हणत नाहीं. आणि काडेनचें कांहीं नुकसान झालें नाहीं, असेंही मला म्हणतां येत नाहीं.

असल्या गोष्टी कायद्याला तोलतां येत नाहींत, म्हणून त्यानें एक चमत्कारिक तोड काढली आहे. डोक्यांतलें मोजतां येत नाहीं, तर दिवस मोजावे! इंग्लंडांत तिला ‘बागकामाची रजा’ असें गोड नांव आहे. संघ सोडणाऱ्या इंजिनियराला सहा महिने, कधीं वर्षभर, पूर्ण पगार देऊन घरीं बसवितात. त्यानें गुलाबांना पाणी घालावें, आणि तोंवर त्याच्या डोक्यांतलें ज्ञान शिळें व्हावें. ही कल्पनाही नवी नाहीं. १९३९ सालीं एन्झो फेरारी आल्फा रोमेओपासून फुटला, तेव्हां चार वर्षें स्वतःच्या नांवानें शर्यतींत गाडी उतरवूं नये, अशी अट त्याच्यावर होती. सोळा वर्षांपूर्वीं दुसऱ्याचा इंजिनियर फोडून आणणारा हा गृहस्थ आतां स्वतःच त्या दोरीनें बांधला गेला. १९५१ त सिल्व्हरस्टोन येथें त्याच्या गाडीनें आल्फाला प्रथमच हरविलें. त्या आनंदांत आपल्या हातून मातृहत्या घडल्यासारखें वाटून आपल्याला रडूं आलें, असें त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. बारा वर्षांचें बागकामही तें नातें शिळें करूं शकलें नाहीं.

रजेनें ज्ञान शिळें होतें हें कांहीं अंशीं खरें. शर्यतींच्या गाड्या महिन्यामहिन्याला बदलतात, आणि नियम बदलले म्हणजे जुनी गुपितें रद्दीच्या भावानें जातात. २०२६ पासून गाडीचे नियमच नवे व्हावयाचे होते, आणि त्या नव्या गाडीचे वाऱ्याच्या बोगद्यांतले प्रयोग १ जानेवारी २०२५ पूर्वीं कोणीही करूं नयेत असा निर्बंध होता. त्यामुळें न्यूई मार्चांत नव्या घरीं आला, तेव्हां तेथील पाटीही बरीचशी कोरीच होती. पण दृष्टि शिळी होत नाहीं. २०२२ सालीं रेड बुलमधील वायुगतीचा तज्ज्ञ डॅन फॅलोज ॲस्टन मार्टिनकडे रुजू झाला, आणि थोड्याच आठवड्यांत बार्सिलोना येथें ॲस्टन मार्टिनची सुधारलेली गाडी आली, ती रेड बुलसारखी दिसणारी. रंग हिरवा. लोकांनीं तिला ‘हिरवी रेड बुल’ म्हटलें. रेड बुलच्या मंडळींनीं आपल्या बैठकीवर हिरवे डबे मांडून थट्टा केली. शर्यतींच्या नियामक मंडळानें चौकशी करून यांत कांहीं गैर नाहीं असा निर्वाळा दिला. तूरच्या हिरव्या फियाटला तेव्हां नव्याण्णव वर्षें होत आलीं होतीं. रंगसुद्धां बदलला नव्हता!

मग त्या इंजिनियरानें करावें तरी काय? नव्या घरीं कोणी कांहीं विचारल्यावर, हें मी स्वतः शोधलें कीं मला विश्वासानें सांगितलें गेलें, हा प्रश्न त्याला मनाशीं दर वेळीं सोडवावा लागणार, आणि त्याचें उत्तर तपासणारा दुसरा कोणी नसणार. माझी अटकळ अशी कीं, यांतले सज्जन लोक कधींकधीं ‘मला ठाऊक नाहीं’ असें खोटें बोलत असतील, आणि नव्या धन्याचे पैसे त्या खड्ड्यांत जाऊं देत असतील. नव्या धन्याशीं तो अप्रामाणिकपणा झाला काय, हें ठरविणें मला साधत नाहीं. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत कर्तव्यांची यादी असते. दोन कर्तव्यें एकाच तोंडांतून एकाच वेळीं बोलूं लागलीं म्हणजे काय करावें, याचें पान त्यांत सहसा सांपडत नाहीं.

न्यूईच्या चरित्रांतच एक वर्ष असें आहे. १९९६ च्या अखेरीस विल्यम्सला निरोप देण्यापूर्वीं पुढील वर्षाच्या गाडीचा आराखडा त्यानें काढून ठेवला होता. १९९७ च्या ऑगस्टांत तो मॅक्लारेनमध्यें कामाला लागला, आणि त्या मोसमाच्या उरलेल्या शर्यतींत त्याच्या नव्या संघाला हरवीत होती ती त्याचीच गाडी. तिनेंच त्या वर्षीचीं दोन्ही अजिंक्यपदें जिंकलीं. तिच्यांतलें वैगुण्य त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार! तें त्यानें नव्या मंडळींना किती सांगितलें असेल, आणि सांगतांना आपल्याच लेकराच्या चहाड्या करीत असल्यासारखें त्याला वाटलें असेल काय?

यानोची गोष्ट अर्धीच राहिली होती. आल्फानें निरोप दिल्यावर तो लान्चियाकडे गेला, आणि तेथें १९५४ त त्यानें ‘डी फिफ्टी’ ही अपूर्व गाडी रस्त्यावर आणली. तेव्हां तो साठी ओलांडून गेला होता. पुढच्याच वर्षीं लान्चियाची आर्थिक घडी विस्कटली. चालक आस्कारी मरण पावला. १९५५ च्या जुलैमध्यें गाड्या, सुटे भाग आणि आराखडे असा सारा संसार लान्चियानें फेरारीच्या हवालीं केला, आणि त्याबरोबर यानोही सल्लागार म्हणून फेरारीकडे आला. येथें फोडाफोडी नव्हती आणि चोरीही नव्हती. विद्या व ठेव एकाच मालगाडींतून उघडपणें आल्या. बत्तीस वर्षांपूर्वीं ज्या तरुणानें त्याचें फियाटमधील मन उठविलें, त्याच्याच अंगणांत तो येऊन पोंचला. आणि या व्यवहारांत फेरारीला जें द्रव्यसाहाय्य मिळालें, तें दिलें फियाटनें. १९५६ त फान्जिओनें त्याच गाडीवर जगज्जेतेपद मिळविलें. तोंवर फेरारीच्या माणसांनीं तींत पुष्कळ फेरफार केले होते, तेव्हां तिचें नांव काय लावावें हा प्रश्न होताच. लोक दोन्ही नांवें जोडून तिला ‘लान्चिया-फेरारी’ म्हणत.